ऑफिसच्या धावपळीत वीस मिनिटांचे जलरंग: पावसाळ्यात काय रंगवावं, कसं रंगवावं?

ओला_कागद

नमस्कार मंडळी,

ठाणे ते फोर्ट असा रोजचा प्रवास. चित्रासाठी सकाळी घरच्या खिडकीत वीस मिनिटं आणि जेवणाच्या सुट्टीत फार तर पंचवीस मिळतात. सामान: ए-५ आकाराचं ३०० जीएसएमचं, म्हणजे जाडसर कागदाचं साधं पॅड (कॉटनचा कागद नाही), बारा ट्यूबांचा विद्यार्थी दर्जाचा सेट, २, ६ आणि १० नंबरचे गोल ब्रश.

अडचणी अशा:

१. जुलैत वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर) वाळतच नाही. दुसरा हात दिला की फुलकोबी, म्हणजे दातेरी कडेचा डाग उमटतो.
२. झाडं प्लास्टिकची दिसतात. सॅप ग्रीन कितीही पातळ केला तरी तेच.
३. रस्त्यावरची माणसं एका जागी थांबत नाहीत.
४. खिडकीतून दिसतं ते एवढंच: समोरच्या बिल्डिंगची शेवाळलेली भिंत, एसीचे पाइप, देशी बदामाचं एक झाड, निळी ताडपत्री, कावळे. यात रंगवण्यासारखं काय शोधायचं?

आणि मुख्य म्हणजे, रोज एक चित्र काढायचं ठरवल्यापासून त्याचा गृहपाठ झालाय. मजा परत कशी आणायची? 'मनापासून करा' छापाचे सल्ले नकोत, नेमकं काय बदलू ते सांगा.

---

सहा_नंबर

पहिल्या मुद्द्यावर सविस्तर लिहितो, बाकीची अर्धी दुखणी त्यातूनच निघतात.

फुलकोबी येते तेव्हा कागदावरचा थर अर्धवट वाळलेला असतो आणि ब्रशमध्ये त्याहून जास्त पाणी असतं. हे जादा पाणी पसरताना बसत आलेले रंगकण पुढे ढकलत नेतं आणि जिथे थांबतं तिथे दातेरी कड सोडतं. पावसाळा एवढंच करतो की ही अर्धवट अवस्था लांबवतो. मार्चमध्ये सात-आठ मिनिटांत वाळणारा वॉश जुलैत सहज अर्धा तास घेतो. तुमच्याकडे आहेत एकूण वीस मिनिटं, तेव्हा वाळायची वाट बघत थरावर थर चढवण्याची पद्धतच पावसाळ्यापुरती बाजूला ठेवा.

कागद तिरका धरून चमक बघायची सवय लावा. लखलखीत ओला असेल तर काहीही सोडा, मऊ पसरेल. चमक नुकती उतरली असेल तर ब्रश फडक्यावर टिपून घ्या आणि सायीइतका दाट रंग लावा, पातळ नको. चमक पूर्ण गेलीय पण बोटाची मागची बाजू टेकवली तर गार लागतंय, हा सगळ्यात फसवा काळ. त्यात हात लावायचा नाही. गार लागलं नाही की वाळला.

वाट न बघता काम करायची युक्ती म्हणजे कोरडी फट. भिंत रंगवली की तिच्या शेजारी साधारण एक मिलिमीटर कोरा कागद सोडून झाड, पुन्हा फट सोडून ताडपत्री. ओले आकार एकमेकांना शिवत नाहीत, त्यामुळे मिसळत नाहीत, आणि त्या पांढऱ्या रेघा कडेवरच्या उजेडासारख्या दिसतात. झाडाचा बुंधा आणि त्याची सावली मात्र मुद्दाम शिवू द्या. सगळीकडे फटी सोडल्या तर चित्र रंगीत काचांच्या खिडकीसारखं दिसतं, ही या पद्धतीतली नेहमीची चूक.

वेळेची वाटणी: ३ मिनिटं नुसतं बघणं, ३ पेन्सिल, १० पहिला (आणि बहुतेक शेवटचाच) वॉश, ४ गडद खुणा. पेन्सिलीला सहा-सात मिनिटं गेली तर विषय मोठा निवडलाय असं समजा.

आता कागद. वीस मिनिटांना ए-५ मोठा पडतो. पॅडऐवजी कॉटनचा सुटा फुल शीट घ्या, २२ × ३० इंचांचा. चार वेळा निम्मा केला की १६ तुकडे होतात, प्रत्येकी साडेपाच × साडेसात इंच. ते अजून एकदा निम्मे केले तर पोस्टकार्डाच्या जवळपास आकार मिळतो. घडी दोन्ही बाजूंनी दाबून स्टीलच्या पट्टीला धरून फाडा. कॉटन वाळायला थोडा जास्तच वेळ घेतो, हे आधीच सांगतो. पण साध्या कागदावर रंग वरवर बसतो आणि दुसऱ्या हाताला खालचा थर सुटून चिखल होतो, कॉटनमध्ये तो आत मुरतो.

आणि मुंबईत कागद मरतो, हे दुकानात कोणी सांगत नाही. रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून कागदाला जिलेटिनचं किंवा तत्सम साइझिंग (लेप) केलेलं असतं. दमट कपाटात दोन-तीन पावसाळे काढले की ते जागोजागी खराब होतं. कोरा कागद चांगलाच दिसतो, वॉश दिल्यावर मात्र देवीच्या व्रणांसारखे गडद ठिपके उमटतात, कारण तिथे रंग टीपकागदासारखा शोषला जातो. त्यावर नंतर उपाय नाही. म्हणून वर्षभर पुरेल एवढाच कागद घ्या, झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि ती पिशवी बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. ठिपके पडणारा कागद पेनच्या रेखाटनांना चालतो.

पॅलेटही ओला असताना बंद करू नका, तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी धरते. रात्रभर पंख्याखाली उघडा ठेवा. बुरशी आलीच तर वरचा थर ओल्या कापसाने पुसून काढा आणि त्या खणात लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाका. एकच, नाहीतर लोकलमध्ये डबा उघडलात की शेजारच्याला दातांचा दवाखाना आठवेल.

---

बहावा_पिवळा

हिरव्याबद्दल.

सॅप ग्रीन हा बहुतेक सेटमध्ये मुळातच मिश्र रंग असतो. पातळ केला की फिका होतो, पण त्याचा स्वभाव बदलत नाही. प्लास्टिकपणा येतो तो पूर्ण झाडाला एकच हिरवा दिल्यामुळे. पानाचा रंग ठरतो उजेड कुठून येतोय त्यावर, म्हणून एका झाडात निदान तीन हिरवे लागतात.

ऊन पानातून आरपार येतंय: लेमन यलो भरपूर, त्यात कोबाल्ट निळ्याचं टोक. हा सगळ्यात उबदार हिरवा.

पानाच्या वरच्या तकतकीत बाजूवर आकाश पडलंय: इथे पान हिरवं कमी आणि निळसर राखाडी जास्त दिसतं. पातळ कोबाल्टमध्ये किंचित यलो ऑकर (मातकट पिवळा). देशी बदामाची पानं मोठी आणि चकचकीत असल्यामुळे तुमच्या खिडकीतल्या झाडात हा रंग भरपूर सापडेल. लोक नेमका हाच गाळतात.

झाडाचा आतला गाभा: अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सायना (विटकरी तपकिरी) जवळपास समान, वर थोडा ऑकर. काळा रंग नको.

मळभ असेल तर पहिला हिरवा जवळजवळ नाहीसाच होतो. अशा वेळी दोन भाग अल्ट्रामरीन, तीन भाग ऑकर आणि चिमूटभर बर्न्ट सायना एवढ्यावर अख्खा पर्जन्यवृक्ष निघतो. या झाडाची गंमत म्हणजे संध्याकाळी आणि दाट मळभात त्याची पानं मिटतात. दुपारची भरगच्च छत्री सहा-सातला विरळ झालेली असते आणि मधून आकाशाची भोकं दिसतात. ही भोकं मोकळ्या आकाशापेक्षा एक छटा गडद ठेवा. तेवढीच पांढरी ठेवलीत तर झाडाला गोळ्या लागल्यासारख्या दिसतात.

देशी बदामाची पानं वर्षातून दोनदा झडतात आणि झडण्याआधी तांबडीलाल होतात. एरवीही चार-दोन लाल पानं हिरव्यात असतातच. ती आधी रंगवा आणि हिरवा त्यांच्याभोवती फिरवा. जलरंग पारदर्शक असल्यामुळे हिरव्यावर लाल चढवला की तपकिरी होतो. हाच नियम मे महिन्यातल्या गुलमोहराला: आधी नारिंगी-लाल, मग पानं. बहाव्याला तर जास्तच, पिवळा कशावरही चढत नाही.

सेटमधला क्रिमझन बघून घ्या. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक पीआर ८३ लिहिला असेल तर तो खरा अलिझरिन, उजेडात उडतो. भिंतीवर लावायच्या चित्रात त्याऐवजी पीव्ही १९ असलेला रोझ वापरा. वहीत बंद राहणाऱ्या चित्रांना काही फरक पडत नाही.

ताडपत्रीचा निळा थॅलो ब्लूने येतो, नसेल तर प्रशियन ब्लू. अल्ट्रामरीन तिथे जांभळट पडतो. सावलीतल्या घडीसाठी त्याच निळ्यात थोडा रोझ. शेजारच्या शेवाळलेल्या भिंतीचा राखाडी अल्ट्रामरीन अधिक बर्न्ट सायना, खालच्या अंगाला ऑकर वाढवत न्या. जून-जुलैत मासेमारी बंद असताना वरळी किंवा वर्सोव्याच्या कोळीवाड्यात ओढून ठेवलेल्या होड्यांवर हाच निळा पसरलेला असतो. गिरगाव चौपाटीवरचा समुद्र मात्र त्या महिन्यांत निळा नसतो. त्याला ऑकर, बर्न्ट सायना आणि कोबाल्ट लागतो. निळा समुद्र काढलात तर चित्र मुंबईचं राहणार नाही.

---

ओला_कागद

दोघांचेही आभार. कोरड्या फटीचा प्रयोग उद्याच करते. फोटो काढून रात्री घरी रंगवणं कितपत बरोबर? आणि माणसांचं काय?

---

कट्टा_नं_४

ताई, माणसांचं सांगतो.

आधी डोळ्यांची पातळी. सपाट रस्त्यावर तुम्ही उभ्या असाल तर तुमच्याएवढ्या उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे एकाच आडव्या रेषेत येतात, माणूस पाच फुटांवर असो की पन्नास. लांबच्या माणसाचे पाय फक्त वर सरकतात. तुम्ही कट्ट्यावर बसलात तर ती रेषा उभ्या माणसांच्या पोटाच्या-छातीच्या आसपास येते. एवढी एक रेषा आधी हलकी मारून ठेवली की गर्दी आपोआप जमिनीवर उभी राहते. ती चुकली की माणसं हवेत तरंगतात किंवा खड्ड्यात उतरतात, मग कितीही सुबक काढा.

आकृती छोटी असेल तर डोक्यासाठी एक ठिपका, धड वर रुंद आणि खाली निमुळतं गाजरासारखं, पाय दोन वेगळ्या लांबीचे. एक पाय आखूड ठेवला की माणूस चालायला लागतो. डोकं जेवढं वाटतं त्याहून लहान ठेवा, पूर्ण उंचीच्या सातव्या भागाहून मोठं नको. डोकं आणि धड यांच्यात केसाएवढी फट सोडा. पावलं काढूच नका. ओल्या रस्त्यावर पाय प्रतिबिंबात विरघळतात आणि तेच खरं दिसतं.

छत्री असेल तर काम सोपं होतं, चेहराच नसतो. छत्रीचा खालचा काठ सरळ रेघेसारखा काढू नका, पाकळ्यांसारखा आत वळलेला असतो.

माणसं थांबत नाहीत हे खरं, पण काम करणारी माणसं परत त्याच पवित्र्यात येतात. चहावाला ओतताना वाकतो, भाजीवाली तागडी उचलते, इस्त्रीवाला इस्त्री पुढे सरकवतो. वहीच्या एका पानावर तीन आकृत्या सुरू करा: वाकलेली, उचलणारी, सरळ उभी. ज्या पवित्र्यात माणूस येईल त्या आकृतीत दोन रेघा वाढवा. पाच-सात मिनिटांत तिन्ही भरतात. हे आधी नुसत्या पेन्सिलीने आठवडाभर करा, मग रंग.

पेन वापरणार असाल तर शाई वॉटरप्रूफ आहे का ते आधी बघा. साधी फाउंटन पेनची शाई वॉशखाली पसरते. वॉटरप्रूफ शाईलाही दमट हवेत दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात.

मुंबईच्या रस्त्यावरची माणसं कशी पाहावीत याचा नमुना हवा असेल तर चित्रकार म. वि. धुरंधरांचं (१८६७–१९४४) काम बघा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी, पुढे तिथेच शिक्षक. पगडी कशी बसते, पदर कुठून वळतो, डोक्यावर ओझं असताना मान कशी ताठ होते, हे त्यांनी धंद्या-धंद्यानुसार टिपलंय. डोळे-नाक झाकून बघितलं तरी माणूस कोण ते कळतं.

लोकलमध्ये समोरच्याकडे टक लावून चेहरा काढू नका. पाठ, हात, मांडीवरची बॅग, वरच्या दांडीला लटकलेले हात पुष्कळ आहेत. प्लॅटफॉर्मवर खिशातली वही चालून जाते, स्टँड किंवा स्टूल मांडलंत तर हटकतात. सुट्टीच्या दिवशी राणीच्या बागेत जाणार असाल तर ती बुधवारी बंद असते. बोरिवलीचं नॅशनल पार्क सोमवारी.

---

तिरीप

फोटोबद्दल आणि मुद्दा चारबद्दल.

फोन एक तर आकाश पांढरं करतो, नाहीतर सावली काळी. डोळ्याला मात्र सावलीत निळा-जांभळा आणि भिंतीवरून उसळून आलेला उबदार उजेड दिसत असतो. फोटोवरून रंगवणारे सावली काळपट करतात ते म्हणूनच. फोटो घ्यायचाच तर दोन घ्या: एकदा आकाशावर बोट टेकवून, एकदा सावलीवर. आणि नेहमीच्या रुंद लेन्सने घेऊ नका, बिल्डिंगा मागे झुकतात. दुप्पट झूमवर घ्या. त्याआधी जागेवर वहीत तीन रंगांचे पट्टे लावून ठेवा: सगळ्यात उजळ, मधला, सगळ्यात गडद. रात्री फोटो रेघांसाठी बघायचा, रंगांसाठी पट्टे.

आता विषय. तुमची यादी वाचली: शेवाळलेली भिंत, पाइप, बदाम, निळी ताडपत्री, कावळे. यात महिनाभराचं काम आहे. अडचण अशी की तुम्ही रोज पाचही गोष्टी एकत्र काढत असणार. ब्रश हातात घेण्याआधी कागदाच्या मागे एक वाक्य लिहा: मला कशाने थांबवलं? 'छान उजेड' चालणार नाही. 'ताडपत्रीचा निळा खालच्या डबक्यात जास्त गडद आहे', 'कावळ्याची मान अंगापेक्षा फिकी आहे', 'पाइपची सावली भिंतीवर वाकडी पडलीय', अशी दोन गोष्टींची तुलना हवी. मग तेवढंच काढा. पाइपच्या वाक्यात बदाम नसेल तर चित्रातही नको. वाक्य सुचलं नाही त्या दिवशी चित्र नाही, फक्त तीन पट्टे. गृहपाठ वाटतो तो रोज 'पूर्ण चित्र' द्यायचं असल्यामुळे, आणि हा नियम तुम्हीच घातलाय.

डबक्यातलं प्रतिबिंब: वस्तूच्या बरोबर खाली, सरळ उभं येतं. सावलीसारखं तिरकं जात नाही. उजळ वस्तू प्रतिबिंबात किंचित गडद होते, गडद वस्तू किंचित फिकी. ओल्या डांबरी रस्त्याला डांबराचा रंग देऊ नका, आधी आकाशाचा द्या आणि त्यात ओलेपणीच गडद उभे फराटे सोडा.

कावळा: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना दाट, पंखावर एक निळसर फट कोरी सोडून. मान त्याच मिश्रणात पाणी वाढवून. तो उडण्याआधी एवढंच होतं आणि एवढंच पुरतं.

दोरीवरचे पांढरे कपडे घरबसल्या करायला उत्तम. पांढरा रंगवायचा नाही, फक्त सावलीचा भाग रंगवायचा. उघड्या आकाशाकडे तोंड असलेली घडी निळसर, गॅलरीच्या लाल कोब्याकडे वळलेली घडी किंचित नारिंगी. कटिंगच्या ग्लासचंही तसंच: चहाचा रंग बर्न्ट सायना अधिक ऑकर, वर साईची एक फिकी कड, काचेचा जाड तळ सर्वांत गडद, आणि खिडकीच्या दोन उभ्या चौकोनी चमका कोऱ्या. या चमका नंतर पांढऱ्या रंगाने टाकू नका, खडूसारख्या दिसतात.

उजेडाचं वेळापत्रक लक्षात ठेवा. मुंबईत जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीच्या मध्यावर सव्वासातच्या आसपास. आपल्याकडे तो झपाट्याने चढतो. उगवल्यापासून तासाभरात सावली वस्तूच्या साधारण चौपट असते, दोन तासांत दुप्पट. लांब सावल्या हव्या असतील तर पहिला तासच तुमचा. सावली आधी रंगवा, मग वस्तू, कारण सूर्य तासाला १५ अंश सरकतो. वीस मिनिटांत सावली बघता बघता दुसऱ्या खिडकीवर गेलेली असते, आणि मध्येच ती 'दुरुस्त' केली की चित्रात दोन सूर्य होतात.

जेवणाच्या सुट्टीचं गणित ऋतूप्रमाणे बदलतं. १५ मेच्या आसपास आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी साडेबारा-पाऊणच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उभ्या खांबाला सावलीच नसते. त्या दिवसांत रस्ता काढण्यात अर्थ नाही. फोर्टातल्या डी. एन. रोडच्या कमानींखाली जा. रस्त्यावरून उसळलेला उजेड छताला खालून उजळतो, कमानीचा वरचा भाग खालच्यापेक्षा उबदार दिसतो. उलट डिसेंबरात भर दुपारीही सूर्य साधारण ४७-४८ अंशांवरच असतो, सावली जवळपास वस्तूच्या उंचीएवढी पडते. तेव्हा फोर्टच्या जुन्या इमारतींचे सज्जे आणि ब्रॅकेट दुपारीच रंगवा.

---

सहा_नंबर

तिरीप, पांढऱ्याबद्दल थोडा मतभेद. काचेवर तो खडूसारखा दिसतो हे मान्य. पण भरपावसात समोरच्या अंधाऱ्या खिडकीवर पडणाऱ्या पागोळ्या कोऱ्या सोडणं वीस मिनिटांत कोणाला जमणार? तिथे न पातळ केलेला पांढरा गॉश (अपारदर्शक जलरंग), २ नंबर ब्रश, चार-पाच रेघा, त्याही तुटक. दहाव्या रेघेला चित्र मरतं.

---

तिरीप

तुटक असतील तर चालेल. पण तुमच्याच हिशोबाने खालचा वॉश तोवर वाळलेला असायला हवा, जुलैत तो नसतो. म्हणून पागोळ्या दुसऱ्या दिवशी.

---

ओला_कागद

हे पुष्कळ झालं. उद्यापासून पोस्टकार्ड, कागदामागे वाक्य, आणि आठवडाभर फक्त ताडपत्री. एक शेवटचं: मरीन ड्राइव्हवर बसून काढताना पाणी संपलं तर समुद्राचं घेतलं तर चालेल का?

---

सहा_नंबर

नको. मीठ कागदात राहतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. वाळलेलं चित्र पुढच्या पावसाळ्यात पुन्हा चिकट होऊन समोरच्या पानाला लागेल, शिवाय वॉशमध्ये नको तिथे चांदण्या उमटतात. २०० मिलीच्या दोन बाटल्या न्या: एक ब्रश धुवायला, दुसरी फक्त रंग कालवायला. दुसरीचं पाणी गढूळ झालं की पिवळे सगळ्यात आधी मळतात.